कार्बोरेटरची जुनी गाडी स्टार्ट व्हायला त्रास देतेय? कार्बोरेटर खोलायच्या आधी एवढं तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार सिलिंडरची जुनी कार्बोरेटर गाडी, आठवडाभर उभी राहिली की सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, आणि लांब चालवून आणून दहा-पंधरा मिनिटं थांबवली की परत चालू व्हायचं नाव घेत नाही, अर्धा-पाऊण तास थंड झाली की मग होते. प्लग नवीन टाकले, कॉईल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) बदलली, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला, मिक्श्चरचा स्क्रू पण फिरवून बघितला, फरक काहीच नाही. आता नवीन कार्बोरेटर घ्यायचा का?

नका घेऊ, निदान आत्ता तरी नको. ह्या एका गाडीच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हीचं कारण एकच असेल असं धरून चाललात तर पैसे जात राहतील आणि गाडी तशीच राहील. थंड गाडी उभी राहून अडणं आणि गरम गाडी थांबून अडणं ह्यात आत जे घडतं ते जवळजवळ उलटं असतं, पहिल्यात बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडतं आणि दुसऱ्यात बऱ्याचदा जास्त होतं. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी "काय बदललं" हा नसतो, "कधी अडते" हा असतो. रात्रभर उभी राहून नीट होते का आणि आठवड्यानंतरच त्रास देते का, पाच मिनिटं थांबवली तर होते का आणि पंधरा मिनिटांनी होत नाही का, अडते तेव्हा पेट्रोलचा वास येतो का, सेल्फ जोरात फिरतो की कण्हत फिरतो. हे लिहून ठेवा, खरंच कागदावर लिहा.

आणि तो मिक्श्चरचा स्क्रू आधी जागेवर आणा. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये हलक्या हाताने पूर्ण आत बसवून साधारण दीड फेरा बाहेर ही सुरुवातीची जागा असते, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या, आणि आत बसवताना जोर लावू नका, त्याचं टोक सुईसारखं असतं, एकदा खाच पडली की मग आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू राहणं) कधीच नीट लागत नाही. हा स्क्रू फक्त आयडलिंगचं मिश्रण ठरवतो. चोक (हवेची वाट मिटवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा फ्लॅप) ओढून थंड इंजिन चालू करताना पेट्रोल जवळपास सगळं दुसरीकडून येत असतं, त्यामुळे स्टार्टिंगच्या तक्रारीवर हा स्क्रू फिरवून काही हाती लागत नाही, उलट चालणारी गाडी पण बिघडते.

आता आधी आठवड्याभराची तक्रार. फ्लोट चेंबरला (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी छोटी वाटी) हवेसाठी वाट असते, त्यातून पेट्रोल उडत राहतं, इंजिन बंद केल्यावर इंजिनची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते तेव्हा तर भरपूर उडतं. आठवड्याभरात चेंबर पूर्ण कोरडं पडू शकतं, काही कार्बोरेटरमध्ये तळाच्या बुचामधून झिरपून पण रिकामं होतं. मग इंजिनवर बसलेला डायफ्रामचा पंप सेल्फच्या वेगावर हळूहळू टाकीपासून पेट्रोल ओढून चेंबर भरतो, तोपर्यंत तुम्ही सेल्फ मारत बसता आणि बॅटरी उतरत जाते, आणि नेमकं पेट्रोल पोचतं तेव्हा स्पार्क द्यायला बॅटरीत दम उरलेला नसतो.

हे ओळखणं अगदी सोपं आहे आणि त्याला काही खोलायला लागत नाही. गाडी आठवडाभर उभी राहू दे, सकाळी चावी लावायच्या आधी एअर फिल्टरचं झाकण काढा, टॉर्च घेऊन कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघा (चोकचा फ्लॅप बंद असेल तर बोटाने उघडा) आणि दुसऱ्या हाताने एक्सलरेटरची लिंक जोरात ओढा. एक्सलरेटर पंपाची बारीक पिचकारी भिंतीवर पडताना दिसली, सरळ आणि भरगच्च, तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे. नुसताच फुसका आवाज आला, दोन थेंब पडले किंवा काहीच आलं नाही तर चेंबर कोरडं आहे, किंवा क्वचित पंपाचा डायफ्राम गेलाय. एसयू किंवा स्ट्रॉम्बर्ग सीडी प्रकारचा कार्बोरेटर असेल तर त्यात एक्सलरेटर पंपच नसतो, तिथे ही परीक्षा लागू होत नाही, फ्लोट चेंबरचं झाकण उघडून डोळ्यांनी बघा.

कोरडं निघालं तर चेंबरच्या हवेच्या नळीतून सिरिंजने थोडं पेट्रोल आत सोडा, फिल्टर परत बसवा, चोक ओढा आणि सेल्फ मारा. लगेच झाली तर निदान झालं, आणि कार्बोरेटर निर्दोष सुटला. एक कळकळीची विनंती, उघड्या कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतत असताना दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगू नका. सगळीकडे हे करतात आणि म्हणूनच सांगतोय, इंजिनने एकदा उलटा भडका मारला की तो सरळ हातावर आणि तोंडावर येतो. कुठलीही पेट्रोलची तपासणी करताना अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

चेंबर रिकामं होतंय हे कळल्यावर पुढचा प्रश्न, ते भरायला किती वेळ लागतोय. दोन आठवडे उभी असलेली गाडी आठ-दहा सेकंद सेल्फ खाऊन चालू झाली तर त्यात काहीही बिघाड नाही, ती तशीच असते. त्याहून बराच जास्त वेळ लागत असेल तर कॉईलची वायर काढून, कार्बोरेटरकडे जाणारा पाईप सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा, ठोक्याठोक्याला जोरदार धार आली पाहिजे. धार अशक्त असेल किंवा बुडबुडे येत असतील तर पंपाला दोष द्यायच्या आधी टाकी ते पंप ह्या भागातले रबरी पाईप बघा. इथे पंप ओढत असतो, त्यामुळे पाईपला चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, खाली डाग पण पडत नाही आणि माणूस महिनोन्महिने शोधत बसतो. जुनं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने आतून मऊ पडतं आणि सोलतं, वरून ठीक दिसतं. सगळे पाईप इथेनॉलला टिकणारे घालून घ्या, ह्यात काटकसर करू नका. पंपाचा आतला वॉल्व्ह धरत नसेल तर पेट्रोल रात्रीत टाकीकडे परत उतरतं, ते पण ह्यातच आलं. टाकीचं झाकण उघडताना फस्स करून हवा आत ओढली गेली तर टाकीची हवेची वाट बुजलीये.

इलेक्ट्रिक पंप लावायचा मोह होईल, लावायला हरकत नाही, चेंबर दहा सेकंदात भरतं. पण जुन्या कार्बोरेटरची नीडल (चेंबर भरलं की येणारं पेट्रोल अडवणारी सुई) साधारण २ ते ४ पीएसआय दाबासाठी असते, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा पंप आणून लावला तर तो नीडल ढकलून पेट्रोल वरून वाहवेल. आणि इंजिन बंद पडलं किंवा गाडी धडकली की पंप आपोआप बंद होईल असा स्विच लावल्याशिवाय तो अजिबात लावू नका.

चेंबरमध्ये पेट्रोल असूनही थंडीत अडत असेल तर चोक. वजनाच्या हिशोबाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे कागदावरचं आदर्श प्रमाण, पण थंड इंजिनमध्ये पेट्रोलचा फक्त हलका भाग वाफ होतो, बाकीचं मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) भिंतीला ओलं चिकटून बसतं, म्हणून पेटण्याइतकी वाफ मिळवायला पेट्रोल कितीतरी पटीने जास्त द्यावं लागतं, चोकचं काम तेच. हाताच्या चोकमध्ये नेहमीचा दोष म्हणजे केबलचा बाहेरचा क्लॅम्प सरकलेला असतो, डॅशवरची मूठ पूर्ण बाहेर येते आणि फ्लॅप पाऊणच मिटतो. मूठ कोणाला तरी ओढायला सांगा आणि स्वतः फ्लॅप बघा, कड बोअरला टेकली पाहिजे. ऑटो चोक असेल तर थंड गाडीत चावी फिरवायच्या आधी पेडल एकदा पूर्ण दाबून सोडावं लागतं, त्याशिवाय फ्लॅप मिटत नाही आणि फास्ट आयडलचा कॅम जागेवर येत नाही, बऱ्याच नवीन मालकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. गाडी भडकन चालू होऊन काळा धूर टाकून लगेच बंद पडत असेल तर चालू झाल्यावर फ्लॅप थोडा उघडणारा व्हॅक्यूमचा डायफ्राम फाटलाय. आणि चोकवर चालते, चोक आत ढकलला की मरते, असं असेल तर स्लो जेटमध्ये (आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) कचरा किंवा कुठूनतरी जादा हवा, कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाईप, थ्रॉटल स्पिंडलची झीज. ज्या कार्बोरेटरला आयडल कटऑफ सोलेनॉईड (चावी बंद केली की आयडलिंगचं पेट्रोल तोडणारा विजेचा वॉल्व्ह) असतो त्यात चावी ऑन केल्यावर टक् आवाज येतो की नाही ते आधी ऐका.

पेट्रोल किती जुनं आहे तेही बघा. उभ्या गाडीत पहिले उडून जातात ते नेमके हलके अंश, जे थंड स्टार्टला लागतात. सहा महिन्यांच्या पेट्रोलवर गरम इंजिन बऱ्यापैकी चालतं आणि थंड इंजिन उचलतच नाही.

आता स्पार्क, आणि इथे मला तुमच्या त्या नव्या कॉईलबद्दल गंभीर शंका आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत कॉईलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर असतो, चालू इंजिनला कॉईल साधारण ६ ते ९ व्होल्टवर चालते, आणि सेल्फ मारताना एक वेगळी वायर बॅलास्टला वळसा घालून कॉईलला बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज देते, कारण सेल्फ चालू असताना बॅटरीच खाली आलेली असते. बॅलास्टवाल्या कॉईलच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स साधारण १.५ ओहम असतो, बिनबॅलास्टच्या कॉईलचा साधारण ३ ओहम. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. ३ ओहमची कॉईल बॅलास्टच्या मागे लागली तर स्पार्क कायमचा दुबळा, १.५ ओहमची कॉईल बॅलास्टशिवाय लागली तर ती तापते, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळतात, आणि तुमच्यासारखी "गरम झाली की होत नाही" ही तक्रार सुरू होते. दोन्ही वायर काढून मल्टिमीटरने कॉईल मोजा, गाडीला बॅलास्ट आहे की नाही बघा (काही गाड्यांत तो हार्नेसमधली रेझिस्टन्स वायर असतो, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चावी ऑन आणि पॉइंट एकमेकांना टेकलेले असताना कॉईलच्या प्लसवर व्होल्टेज बघा), आणि जोडी जुळते का ते ठरवा.

ह्याच सर्किटची दोन लक्षणं लक्षात ठेवा, खूप वेळ वाचतो. सेल्फ मारताना काहीच नाही आणि चावी सोडता क्षणी इंजिन एक ठोका घेतं, तर ती वळशाची वायर किंवा सोलेनॉईडमधला तिचा संपर्क गेलाय. सेल्फ मारताना छान चालू होते आणि चावी सोडली की मरते, तर बॅलास्ट तुटलाय.

स्पार्क बघायचा तो सेल्फ फिरत असताना बघायचा, हाताने पॉइंट उघडून मिळालेला स्पार्क पूर्ण १२ व्होल्टवरचा असतो, तो फसवतो. स्पार्क टेस्टर वापरा, नसेल तर वायर इन्सुलेटेड पकडीने धरा आणि पेट्रोलच्या उघड्या पाईपपासून लांब. निळा, टक् टक् आवाज करत ६-७ मिलिमीटर उडी मारणारा पाहिजे, पिवळट, केसासारखा बारीक असेल तर पुढे जायचं नाही, आधी तो नीट करायचा. पॉइंटचा गॅप बऱ्याच गाड्यांना ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो, पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं, दोन्ही स्टार्टिंगच्या मुळावर येतं. सेल्फ मारताना पॉइंटवरच मोठी ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) संशयित, आणि आजकाल मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, जुना चालू काढलेला असेल तर जपून ठेवा. डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये पेन्सिलची रेघ ओढल्यासारखा काळा माग, मधला कार्बनचा खडा, रोटरच्या रिव्हेटखाली जळकं भोक, हे टॉर्च मारून बघा. नवीन कॉईल लावताना प्लस-मायनस उलटं जोडलं गेलं असेल तरी इंजिन चालतं, पण प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतो, आणि तो कमीपणा नेमका स्टार्टिंगला दिसतो. पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेल्या) गाड्यांत तर हे हमखास उलटं लागतं.

बॅटरी. रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्ट, आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. त्याखाली जात असेल किंवा सेल्फ कण्हत असेल तर मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस पोलवर (केबलवर नाही, पोलवर) आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरून सेल्फ मारा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. रंगाखाली बोल्ट केलेली अर्थिंग हे रंगवून चकचकीत केलेल्या जुन्या गाड्यांचं ठरलेलं दुखणं.

मग गरम गाडी. ह्याची तपासणी गाडी अडलेली असतानाच करायची, थंड झाल्यावर पुरावा गेलेला असतो. म्हणून प्लगचा पाना, टॉर्च आणि स्पार्क टेस्टर डिकीत ठेवा, हातमोजे पण. तीन गोष्टी बघायच्या, स्पार्क आहे का, एक्सलरेटर पंपाची पिचकारी येते का, प्लग ओला आहे की कोरडा.

स्पार्क पिवळा किंवा गायब, तर कॉईल आणि कंडेन्सर, वर सांगितलंच. दोन्ही थंड असताना ठणठणीत वाटतात आणि तापले की उघडे पडतात.

स्पार्क चांगला, पिचकारी नाही, प्लग कोरडा, तर पंप किंवा पंपाकडे येणाऱ्या पाईपमध्ये पेट्रोलची वाफ झालीये, ज्याला व्हेपर लॉक म्हणतात. ओलं फडकं पंपावर आणि पाईपवर ठेवा, पाच मिनिटांत झाली तर खात्री पटली. पाणी थेट ओतू नका, तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बीडाचा असतो, तडकतो. इलाज म्हणजे पाईप एक्झॉस्टपासून लांब फिरवणे, त्यावर उष्णतारोधक आवरण, आणि जमलं तर टाकीकडे परतीचा पाईप.

स्पार्क चांगला, प्लग ओला, भपकारा, हे सगळ्यात जास्त दिसतं. इंजिन बंद केलं की पाणी आणि फॅन थांबतात, हेडची उष्णता वर चढते, चेंबरमधलं पेट्रोल उकळून नोझलमधून मॅनिफोल्डमध्ये टपकतं. पाच मिनिटांनी होते आणि पंधरा मिनिटांनी होत नाही ह्याचं कारण हेच, उष्णता चढायला तेवढा वेळ लागतो. अशा वेळी चोक आत, पेडल एकदाच पूर्ण खाली दाबून तसंच धरा आणि सेल्फ मारा, पेडल पंप करू नका, प्रत्येक पंपाला आणखी पेट्रोल आत जातं. दहा सेकंदांवर सेल्फ नको, मधे मिनिटभर थांबा.

ह्याचं मूळ शोधताना कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधला जाड बेकेलाईटचा इन्सुलेटर आहे का ते बघा. दोनदा कार्बोरेटर उतरवलाय म्हणता, साफ करणाऱ्याने तो बाजूला ठेवून नुसतं कागदी गॅस्केट लावलं असेल तर तुमची अर्धी तक्रार तिथेच आहे. त्याखालचा पत्र्याचा हीट शील्ड पण असाच हरवतो. मग गरम इंजिन आयडलवर असताना तोंडातून बघा, मुख्य नोझलमधून थेंब पडत असतील तर फ्लोटची लेव्हल जास्त आहे किंवा नीडल बसत नाहीये. पितळी फ्लोट काढून कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे, गरम पाण्यात बुडवलं की बुडबुड्यांनी जागा पण दिसते.

एवढं सगळं बरोबर निघालं तरच इंजिनच्या आत जायचं. टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) आधी, विशेषतः एक्झॉस्टचे. शिसंवाल्या पेट्रोलच्या काळातल्या ज्या हेडला कडक सीट नाहीत त्यात बिनशिशाच्या पेट्रोलवर व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततात, गॅप मिटतो, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, आणि आवाज मात्र येत नाही, उलट इंजिन शांत वाटतं म्हणून मालक खूश असतो. टॅपेट लावून मग कॉम्प्रेशन घ्या, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, कॉईलची वायर काढून. चारही सिलिंडर एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांत असले पाहिजेत. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत घ्या, वाढलं तर रिंगा, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

तुमच्या गाडीला मी ह्याच क्रमाने जाईन: कॉईलचे ओहम, इन्सुलेटर, सकाळची पिचकारी, टाकीकडचे पाईप. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मधे दोन-तीन दिवस चालवून बघा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. मिक्श्चर सगळ्यात शेवटी, पॉइंट आणि टायमिंग लागल्यावर, इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण आत, एअर फिल्टर जागेवर. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जा, आरपीएम सगळ्यात वर जाईल तिथे थांबा, मग आयडलच्या स्क्रूने मॅन्युअलमधल्या आरपीएमवर खाली आणा आणि मिक्श्चर परत एकदा तसंच बघा, कारण आयडल हलवलं की ते थोडं सरकतं.